कॅमेरा घेण्यापूर्वी

"फिल्मचा कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न मधल्या काळात कुणी विचारेनासं झालं होतं. कोडॅकने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली आणि २०१२ च्या जानेवारीत कंपनी दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोचली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म आपल्या गावोगावच्या स्टुडिओंनी वापरली होती. तो सरकारी कारखानाही मोडीत निघाला. ज्यांच्याकडे चांगले कॅमेरे होते त्यांनी ते मिळेल त्या भावात काढून टाकले. आता वारं फिरलं आहे. पेन्टॅक्सने जून २०२४ मध्ये 'पेन्टॅक्स १७' हा नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, आणि विशीतली पोरं-पोरी आजोबांच्या कपाटातून निघालेलं धूड घेऊन "काका, हा चालतो का बघा" म्हणत दारात येऊ लागली आहेत.

त्यांना उत्तर देता देता हे पुस्तक झालं. उत्तरं लांबत गेली, कारण प्रश्नात एक गोष्ट नेहमी गाळलेली असते. कॅमेरा कुठला, हे सगळे विचारतात. तो वापरणार कुठे, हे कुणी सांगत नाही. मी जतला राहतो. सांगली जिल्ह्याचं हे पूर्वेचं टोक. पाऊस कमी, ऊन कडक, माळ उघडा, बोअरचं पाणी जड, आणि कॅमेरा दुरुस्त करणारा माणूस गाठायचा तर सांगली-कोल्हापूर, नाहीतर थेट पुणं-मुंबई. कोकणातल्या, मुंबईतल्या किंवा लंडनमधल्या छांदिष्टाला जो कॅमेरा शोभेल तोच इथे चालेल असं नाही. ऊन, धूळ, पाणी आणि मिस्त्री ही चार नावं या पुस्तकात निकॉन आणि लायकापेक्षा जास्त वेळा येतील. कुणाला ते खटकलं तर त्याला माझा इलाज नाही.

कॅमेऱ्यांच्या नावांभोवती दंतकथा फार. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला, तो निकॉन एफएम२ वर, १०५ मिमी एफ २.५ लेन्सने. तेव्हापासून ती लेन्स घेतली की तसा फोटो येतो, अशी एक समजूत आहे. लेन्स अव्वल आहे, यात वाद नाही. पण तो फोटो तंबूतल्या शाळेत निघालेला, कापडातून गाळून आलेल्या मऊ उजेडात. तीच लेन्स घेऊन दुपारी एक वाजता जतच्या बाजारात उभे राहा. डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे मिळतील.

निवड करायला वाव असणं हेच मुळात आपल्याकडे नवं आहे. दादासाहेब फाळक्यांना १९१२ मध्ये चलच्चित्राचा विल्यमसन कॅमेरा आणायला लंडनला जावं लागलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना तेही शक्य नव्हतं. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे नात्यातले भाऊ पडदे रंगवणारे, सिनेमाच्या नादाला लागलेले. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी नाद सोडला नाही. विष्णुपंत दामल्यांसारखा यंत्रात हात बसलेला साथीदार घेऊन त्यांनी कोल्हापुरातच कॅमेरा घडवला आणि त्यावर 'सैरंध्री' चित्रित केला. तो १९२० मध्ये पडद्यावर आला. कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरचा कॅमेरा मानस्तंभ त्याच इतिहासाची खूण. मला या हकिगतीत अभिमानाइतकीच रस वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे तिच्यातला व्यवहार. कॅमेऱ्याची पेटी हे शेवटी लेथवरचं काम आहे: दाते, स्प्रिंगा, उजेड आत शिरू न देणारा डबा. ज्याला ती पेटी आतून कळते त्याला तिच्यावरच्या नावाचं दडपण येत नाही. म्हणून या पुस्तकाचं पहिलं प्रकरण शटर कसं उघडतं-मिटतं यावर आहे. कंपन्या त्यानंतर.

स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं आयातीवर बंधनं होती. बाजारात जे यायचं ते घ्यायचं. मध्यमवर्गीय घरात यायचा तो आग्फा क्लिक थ्री: १२० चा रोल, बारा फोटो, फोकस ठरलेला, निवडायला जवळजवळ काहीच नाही. आज कोणी हसेल. पण सहा बाय सहा सेंटिमीटरची ती निगेटिव्ह नीट उजेडात निघालेली असली तर तिच्यावरून एनलार्जरशिवाय, ती थेट कागदावर ठेवूनही अल्बममध्ये बसेल असा फोटो निघायचा. ज्याला जरा पुढे जायचं असे त्याच्यासाठी रशियाचा झेनिट होता. वजनाला वरवंटा, शटर १/३० ते १/५०० एवढंच, पण पुढे बसवलेली ५८ मिमी एफ २ हेलिओस लेन्स अशी की तिच्यासाठी आज परदेशातले लोकसुद्धा झेनिट शोधतात. बाकीचे कॅमेरे आखातातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून यायचे. त्यांचं मॉडेल कोणतं, हे मामा किंवा दाजी तिकडच्या दुकानदाराशी ठरवायचे.

स्टुडिओवाल्यांचं राज्य मात्र याशिका मॅटचं. १९७० मध्ये आलेलं १२४-जी हे तिचं सर्वांत नावाजलेलं रूप. दोन भिंगं एकावर एक: वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो. छातीशी कॅमेरा धरून मान खाली घालून वरच्या काचेत बघावं लागतं, आणि काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. पण याच कॅमेऱ्याचा एक गुण आपल्या मुलखात किती मोलाचा होता, ते फार थोड्यांनी लिहिलं आहे. तो जरा सविस्तर सांगतो, कारण कॅमेरा कसा निवडावा याचा तो चांगला धडा आहे.

आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त बहुधा दुपारी साडेबाराच्या आसपास. अक्षता पडल्या की वरात उघड्यावर येते. सूर्य डोक्यावर, नवऱ्याच्या फेट्याची सावली थेट डोळ्यांवर, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर. ही सावली भरून काढायची तर भर उन्हात फ्लॅश मारावा लागतो. आता हिशेब बघा. आयएसओ १०० ची फिल्म असली की लख्ख उन्हात १/१२५ ला एफ १६ लागतो. पेन्टॅक्स के१००० सारख्या कापडी शटरच्या कॅमेऱ्यात फ्लॅश फक्त १/६० पर्यंतच जुळतो, म्हणजे छिद्र एफ २२ वर न्यावं लागतं. त्या काळच्या नावाजलेल्या व्हिव्हिटार २८३ चा गाइड नंबर मीटरमध्ये ३६. छत्तीसला बावीसने भागा: फ्लॅश जेमतेम दीड-पावणेदोन मीटर पोचतो. नवरा-नवरी एका चौकटीत बसवायची तर तेवढ्या अंतरावरून जमत नाही. याशिका मॅटचं शटर भिंगातच बसवलेलं असल्यामुळे फ्लॅश १/५०० लाही जुळतो. १/५०० ला एफ ८ चालतो. छत्तीस भागिले आठ, साडेचार मीटर. नवरा, नवरी, दोन्हीकडचे आईबाप आणि मध्ये घुसलेली दोन पोरं, सगळ्यांच्या डोळ्यांत उजेड. निकॉन एफएम२ ने १९८४ नंतर हा जोड १/२५० पर्यंत नेला, म्हणजे एफ ११ आणि साधारण सव्वातीन मीटर. जुन्या फोटोग्राफरांनी याशिका लवकर सोडली नाही त्याला केवळ सवय किंवा गरिबी कारणीभूत होती असं म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार-भागाकार करून बघावा.

मार्गशीर्षात जतला यल्लमादेवीची यात्रा भरते आणि तिच्यासोबत खिलारांचा बाजार. पौषात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत पुन्हा तेच. मीटर म्हणजे काय आणि तो फसतो कसा, हे शिकायला या दोन ठिकाणांसारखी शाळा नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. चौकटभर पांढराशुभ्र खिलार घेतला की तो म्हणतो, उजेड फार झाला, १/५०० ला एफ १६ ठेवा. ठेवलं की बैल राखाडी येतो. मग त्याचा मालक फोटो हातात घेऊन विचारतो, "आमचा बैल पांढराफेक हाय की वो, फोटूत असा मळकट कसा आला?" हा माणूस जे सांगतोय ते कुठल्याही मॅन्युअलपेक्षा नेमकं आहे: दोन स्टॉप कमी पडलेत, १/१२५ वर या. उलट काळी घोंगडी पांघरलेला धनगर समोर असला की मीटर जास्त उजेड मागतो आणि चेहरा उडून जातो. दोघे एकाच चौकटीत असले तर मीटरचा नाद सोडावा. आपला तळहात त्याच उन्हात धरून मोजावं आणि एक स्टॉप उघडावा, किंवा सरळ उन्हाचा एफ १६ चा नियम लावावा. आमच्याकडे हिवाळ्यात आभाळ इतकं निरभ्र असतं की हा नियम सहसा चुकत नाही. म्हणूनच मी नवख्याला सांगतो: मीटर बिघडलेला, पण शटर आणि लेन्स ठणठणीत असलेला कॅमेरा स्वस्तात मिळाला तर खुशाल घ्या. इंग्लंडच्या ढगाळ हवेत हा सल्ला मी दिला नसता.

लेन्सबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज माडग्याळ मेंढ्याने दूर होतो. आमच्या तालुक्यातली ही मेंढ्यांची जात, उंच आणि पोपटाच्या चोचीसारख्या फुगीर नाकाची. त्या नाकावर मेंढ्याची किंमत ठरते. २८ मिमीची लेन्स लावून दोन हातांवर जा आणि समोरून फोटो काढा. नाक चौकटभर आणि मागचं धड कुठल्या कुठे. लोक म्हणतात, वाइड लेन्सने चेहरा बिघडतो. लेन्सने काही बिघडत नाही. बिघडतं ते अंतराने. त्याच मेंढ्याला दहा-बारा फुटांवरून २८, ५० आणि १०५ अशा तिन्ही लेन्सांनी टिपा आणि तिन्ही निगेटिव्हमधून मेंढ्याचं तोंड सारख्या आकाराचं वाढवून काढा. नाक आणि कानाचं प्रमाण तिन्हींत तेच येईल. लेन्स फक्त चौकट लहान-मोठी करते. आपण कुठे उभं राहायचं ते आधी ठरवायचं आणि त्या जागेवरून हवी ती चौकट देणारी लेन्स घ्यायची. मेंढ्याच्या मालकाला नाकाचा बाक हवा असतो, म्हणून बाजूला, चार पावलं मागे, आणि तिथून १०५ किंवा १३५. हे एकदा कळलं की 'पोर्ट्रेट लेन्स', 'लँडस्केप लेन्स' या दुकानी पाट्यांची गरज उरत नाही.

आणि तरीही पहिली लेन्स ५० मिमीच घ्यावी, असं माझं मत आहे. कारण भावनिक नाही. जुन्या कॅमेऱ्यांबरोबर हीच लेन्स यायची, त्यामुळे ती मुबलक आणि स्वस्त आहे. तिची रचना इतकी मुरलेली आहे, मूळ झाइसच्या १८९६ च्या प्लॅनारपर्यंत जाणारी, की कुठल्याही बऱ्या कंपनीची पन्नास एफ ८ ला उत्तमच निघते. एफ १.४ च्या मोहात पडू नये. आमच्या उन्हात १.४ वर फोटो काढायला १/४००० चं शटरही पुरत नाही, आणि रात्रीच्या भजनासाठी १.८ किंवा २ वर भागतं. उरलेल्या पैशांत रोल येतात. त्याउलट दुसऱ्या टोकाला, एफ २२ वर, छिद्र इतकं बारीक होतं की उजेड कडांवरून पसरतो आणि फोटो मऊ पडतो. सगळं शार्प हवं म्हणून कायम बावीसवर ठेवणारे पुष्कळ भेटतात. झूमबद्दल मी कमी लिहिलं आहे. त्या काळचे स्वस्त झूम मला आवडत नाहीत, एवढं पुरे.

जुनी वस्तू घेताना जाहिरातीत 'चालू कंडिशन, एकहाती वापर' असं लिहिलेलं असतं. त्याला काही अर्थ नसतो. लेन्स हातात घेऊन मागून मोबाइलची बॅटरी मारावी आणि छिद्र पूर्ण उघडून आरपार बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हटकून असते. इथे आमच्या कोरड्या मुलखाला पहिल्यांदा नशिबाची साथ मिळते: जत, आटपाडी, मंगळवेढा, विजापूर या पट्ट्यात वापरलेली लेन्स बहुधा आतून स्वच्छ निघते. तिला वेगळे रोग असतात. उन्हाने ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पाकळ्यांवर येतं आणि त्या संथ मिटतात. मागचं झाकण बंद होतं त्या खाचेतला फोम वितळून डांबर होतो. फोकसची कडी वाळूने करकरते. फोम बदलणं घरी जमतं. तेलकट पाकळ्या मिस्त्रीकडे. बुरशी काचेत खोल गेली असेल तर लेन्स परत द्यावी.

धुळीबद्दल एक दिलासा आहे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोत येतो. फिल्म दर फोटोला नवी पुढे सरकते. पण रोलच्या डबीच्या तोंडाशी मखमल असते, तिच्यात एक खडा अडकला की छत्तीसच्या छत्तीस फोटोंवर आडवी रेघ. यात्रेत रोल बदलताना वाऱ्याकडे पाठ करावी आणि जमलं तर सदऱ्याच्या आत बदलावा. बघणारे हसतात. हसू द्यावं.

सेलचा मुद्दा कंटाळवाणा आहे, पण खेड्यातल्या माणसासाठी तोच निर्णायक. कॅनन एई-१ (१९७६) सुंदर कॅमेरा, पण त्याचा सहा व्होल्टचा सेल संपला की शटर पडतच नाही, आणि तो सेल तालुक्याच्या गावी मिळत नाही. ऑलिंपस ओएम-१ चं शटर सेलशिवाय चालतं. मात्र त्याचा मीटर पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला, आणि ते सेल आता बनत नाहीत. पेन्टॅक्स के१०००, निकॉन एफएम२ यांचे मीटर एलआर४४ वर चालतात, जो कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो. आणि तो संपला तरी शटर आपलं काम करतं. निकॉन घेणाऱ्याला एक सूचना: माउंट १९५९ पासून तोच दिसत असला तरी १९७७ पूर्वीच्या, बदल न केलेल्या लेन्स एफएम२ वर बळेच बसवू नयेत, कॅमेऱ्याची कडी दुखावते. कॅननच्या १९८७ नंतरच्या लेन्स तर जुन्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत.

आता पाणी. रंगीत रोल पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवावा लागतो. रोलची किंमत, धुलाई आणि स्कॅन धरून एक-एक फोटो महागात पडतो. कृष्णधवल रोल घरी धुता येतो, म्हणून मी तोच सुचवतो. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ च्या सुमारास आणला आणि त्याचं सूत्र उघड आहे: लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. अडचण तापमानाची. हे सगळं २० अंशांवर चालायला हवं, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. अशा पाण्यात फिल्मचा थर सुजतो, मऊ पडतो आणि कधी कधी त्याला सुरकुत्या येतात. त्यावर इलाज म्हणजे रसायनांच्या बाटल्या घमेल्यात ठेवून भोवती बर्फ. बर्फ कधीही थेट डेव्हलपरमध्ये टाकू नये, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा. आणि डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी या तिन्हींत दोन-तीन अंशांहून अधिक फरक पडू देऊ नये. दुसरी अडचण बोअरच्या क्षारांची. रोल वाळला की निगेटिव्हवर पांढरे ठिपके राहतात आणि ते प्रिंटमध्येही पांढरे येतात. शेवटचं एक धुणं गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्यात द्यावं. एक लिटरचा कॅन पुष्कळ दिवस पुरतो.

हे पुस्तक वाचताना क्रम पाळायलाच हवा असं नाही. ज्यांच्या घरात कॅमेरा आधीच आहे त्यांनी थेट तपासणीच्या प्रकरणाकडे जावं. ज्यांना अजून घ्यायचा आहे त्यांनी लेन्सच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि बॉडी त्यानंतर ठरवावी. मॉडेलांची यादी मी मुद्दाम आखूड ठेवली आहे. जे कॅमेरे माझ्या हातून गेले आहेत तेवढेच घेतले आहेत, त्यामुळे लायकावर दोन पानांहून अधिक काही नाही. भाव कुठेच दिलेले नाहीत, कारण ते छापून होईपर्यंत बदलतात.

कुणी फक्त एकच नाव मागितलं तर: पेन्टॅक्स के१०००, ५० मिमी एफ २, आणि कृष्णधवल रोल. लग्नं टिपायची असतील तर याशिका मॅट. ऑनलाइन घेणार असाल तर विकणाऱ्याकडून मागचं झाकण उघडून, शटर एका सेकंदावर लावून काढलेला व्हिडिओ आधी मागवा. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडून द्या. के१००० वीस-एकवीस वर्षं बनत होता, दुसरा मिळेल.